न पाहिलेल्या किनाऱ्याचं बंदर

दुबईला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी सोन्याचं विचारतात आणि मग वाळवंटाचं. माझ्याकडे दोन्हींबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नऊ दिवस मी तिथे होतो आणि त्यातले बहुतेक दिवस नकाशांची नळी घेऊन हिंडलो. गेलो होतो एका बंदराच्या कामाला, आणि ते बंदर दुबईत नव्हतंच. ते सोमालियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावात व्हायचं होतं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या देशात तेव्हा सरकार असं काही उरलं नव्हतं, कुठली गोष्ट कोणाच्या कानावर जाईल सांगता येत नव्हतं, आणि मी मुळातच भित्रा माणूस आहे. ते बंदर पुढे झालं का, हे मला हे लिहिताना तरी नक्की ठाऊक नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यातल्या आमच्या लहानशा ऑफिसात आम्ही कोकणातल्या जेट्टींचे आणि मासेमारी बंदरांचे आराखडे करायचो. पंधरा वर्षं मी तेच करत होतो. शारजात नोकरी करणारा माझा कॉलेजातला मित्र विनायक, त्याच्या ओळखीतून हे काम आलं. त्या सोमाली गावातले काही व्यापारी दुबईत स्थायिक झाले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. गावाला समुद्र आहे, पण धक्का नाही. लाँच येतात, म्हणजे इंजिन बसवलेली मोठी लाकडी गलबतं, पण त्या दूर उभ्या राहतात आणि साखर-तांदळाची पोती लोक छातीभर पाण्यातून डोक्यावर आणतात. पकडलेले मासे सडतात. बकऱ्या विकायच्या तर दोन दिवसांच्या वाटेवरच्या बंदरात हाकत न्याव्या लागतात. लाटा अडवणारा दगडांचा एक बांध झाला, त्याच्या आड एक धक्का झाला, तर गाव उभं राहील.

आराखडा मी केला. गाव न पाहता केला, कारण तिथे कोणाला पाठवायला आमचे साहेब तयार नव्हते, आणि खरं सांगायचं तर जायला मीही तयार नव्हतो. एक जुना सागरी नकाशा, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांनी नोंदलेल्या वाऱ्यांचे आणि लाटांचे तक्ते, आणि फॅक्सवरून आलेली दहा-बारा उत्तरं, एवढ्यावर तो झाला. खाली उजव्या कोपऱ्यात फक्त माझी सही व्हायची राहिली होती. ती दुबईत, शुक्रवारच्या नमाजानंतर, सगळ्या व्यापाऱ्यांसमोर करायची असं ठरलं होतं. सही झाली की ते ट्रक आणि क्रेन लाँचवर चढवून गावाकडे पाठवणार होते.

देरा

विमानतळावरच पहिला घाम फुटला. माझ्या हातात नकाशांची पुठ्ठ्याची नळी होती. कस्टम्सच्या माणसाने ती उघडली, आतून आरपार पाहिलं, मग कागद टेबलावर पसरले. हे काय आहे, त्याने इंग्रजीत विचारलं. बंदर, मी म्हटलं. कुठलं? मी खरं ते सांगितलं. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाऊण तास मी एका निळ्या खुर्चीवर बसून माझा गुन्हा नेमका कोणता असावा याचा विचार करत होतो. शेवटी तिसऱ्याने कंटाळून हात हलवला आणि मला सोडलं.

"देव्या, तू सोमालिया कशाला बोललास?" बाहेर ताटकळलेला विनायक म्हणाला. माझं आडनाव देवधर, त्याचं त्याने कॉलेजात जे केलं ते अजून तसंच आहे. "'कन्स्ट्रक्शन ड्रॉइंग आहे' म्हणायचं, खलास. एअरपोर्टवर एवढं ऑनेस्ट राहायची जरूर नसते."

दुसऱ्या दिवशी त्याने मला देऱ्यात सोडलं. देरा म्हणजे खाडीकाठचा जुना बाजार. लाँच एकीला एक खेटून उभ्या होत्या आणि काठावर फ्रिज, टायर, चटया, दूधपावडरचे खोके उघड्यावर रचून ठेवलेले होते. राखायला कोणी नाही. मी पुण्यात सायकलला दोन कुलपं लावणारा माणूस. त्या कोणाच्या तरी फ्रिजची काळजी करत मी दहा मिनिटं तिथेच रेंगाळलो.

होदानबाईंचं दुकान आतल्या गल्लीत होतं. ब्लँकेटं, थर्मास, कापडाचे तागे. बाई त्याच सोमाली गावच्या, पंचावन्नच्या असतील, उंच, आवाज खणखणीत. व्यापाऱ्यांच्या त्या मंडळाचा सगळा कारभार त्याच पाहत होत्या. सिंधी आणि गुजराती दुकानदारांच्या संगतीत त्या हिंदी शिकल्या होत्या आणि ती बेधडक वापरायच्या.

"इंजिनियर, तुम बहुत दुबला है," त्या म्हणाल्या. "काम बाद में. पहले खाना."

मी मटण खात नाही हे कळल्यावर त्यांनी मासा मागवला. सोबत मसालेभात आणि भातावर अख्खं केळं. ते भातात कुस्करून तिखट चटणीबरोबर खायचं. आमच्याकडे केळं कुस्करतात ते शिकरणात, तिखटाच्या वाटेला त्याला कोणी पाठवत नाही. पहिला घास मी औषधासारखा गिळला, तिसरा आवडीने खाल्ला आणि दुसरं केळं मागून घेतलं. होदानबाई खूश झाल्या. मग चहा आला, वेलदोडा, दालचिनी आणि लवंग घातलेला, आपला चहा आणि सर्दीवरचा काढा यांच्या मधला. तो अर्धा झाला असताना त्यांनी गल्ल्यामागून एक पाकीट काढलं आणि फोटो माझ्यासमोर मांडले.

एक लांबलचक रांग होती. माणसं, बाया, गाढवांच्या गाड्या, एकच जुनाट लॉरी. रांग समुद्रापर्यंत गेली होती आणि समुद्रात दगडांचं एक टोक पुढे आलेलं दिसत होतं.

"काम शुरू," होदानबाई म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला. प्राथमिक आराखडा आम्ही दीड महिन्यापूर्वी फॅक्सने पाठवला होता, फक्त पाहण्यासाठी. त्यावर तसं छापलंही होतं. मी म्हटलं, "पण सही अजून झाली नाही."

"ट्रक आने तक खाली क्यों बैठेगा? जितना हाथ से होता है, उतना करेगा."

गावातल्या प्रत्येक घराची पाळी लावली होती. ज्या घरात पुरुष नाही तिथून बाई यायची. आपल्याकडे श्रमदान असतं ते मी पाहिलं आहे. पाहुणे येईपर्यंत घमेली उचलायची, फोटो झाला की नाश्ता. इथे लोक चाळीस दिवस डोंगर फोडून दगड आणत होते. बाईंचे थोरले भाऊ उस्मान गावात राहून हे सगळं करवून घेत होते. एका फोटोत पायाला भलंमोठं फडकं गुंडाळलेला तरुण दगडावर बसून हसत होता. तो जामा. दगड निसटून पायावर पडला, पाऊल कामातून गेलं. तरी रोज येऊन बसतो आणि बाकीच्यांना दगड कुठे टाकायचा ते ओरडून सांगतो, बाई कौतुकाने म्हणाल्या.

तो कुठे टाकायला सांगत होता ते मी ठरवलं होतं. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र एकदम शुक्रवार फार जवळ आल्यासारखा वाटला आणि मी उगीचच तो फोटो पुन्हा पुन्हा पाहत राहिलो.

शारजा

विनायक हमरिया फ्री झोनमधल्या एका लोखंडी कामाच्या कारखान्यात मॅनेजर होता. राहायचा शारजात, आठव्या मजल्यावर. त्याची बायको मेधा बाजारातून आली की भाव दोनदा सांगायची. "मेथी दीड दिरहॅम. म्हणजे सोळा रुपये. सोळा रुपयांना जुडी, भावजी, पुण्यात कोणी ऐकेल का?" इतकी वर्षं झाली तरी तिचं मन तो गुणाकार केल्याशिवाय भाजी निवडायला बसत नव्हतं. त्यांची मुलगी ऋता नऊ वर्षांची. आपण मराठीत विचारायचं, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

मी मात्र घरात येरझाऱ्या घालत होतो. शारजाच्या बाजूचा समुद्र तळ्यासारखा आहे. काठावर उभं राहून माझ्या बांधाची कल्पना करू लागलो तर काही दिसेना. शेवटी मी विनायकला म्हटलं, मला मोकळ्या समुद्रावरचं एखादं बंदर दाखव, पूर्वेला तोंड असलेलं. लाटा बांधावर आपटताना पाहिल्या की जीव थाऱ्यावर येईल. बुधवारी त्याने रजा टाकली आणि आम्ही खोर फक्कानला निघालो.

खोर फक्कान

धैद गावापर्यंत वाळू, मग डोंगर. डोंगरांवर गवताचं पातं नाही. मसाफीला रस्त्याच्या दोन्ही अंगांना गालिच्यांची दुकानं लागली. विनायकने एका गालिच्यासाठी वीस मिनिटं घासाघीस केली, "हबीबी, लास्ट प्राइस" असं सात वेळा ऐकून घेतलं आणि न घेता परत आला. हा त्याचा दर वेळचा खेळ असतो म्हणे. दुकानदारालाही ते माहीत असावं, कारण त्याने जाताना आम्हाला दोन संत्री दिली.

घाट उतरल्यावर समुद्र दिसला आणि मला बरं वाटलं. मोकळा, निळा, लाटांचा. एका बाजूला कंटेनरच्या क्रेन, दुसऱ्या बाजूला कोळ्यांच्या होड्यांचं लहान बंदर. त्यात एक मोठी लाँच उभी होती आणि तिच्या इंजिनावरच्या झडपेतून चक्क मराठीत शिव्या ऐकू येत होत्या. पाना पाण्यात पडला होता.

मी काठावरून विचारलं, "कुठले तुम्ही?"

पांढरी दाढी, डोक्याला पंचा बांधलेला एक माणूस वर आला. "बाणकोट," तो म्हणाला. "आणि तुम्ही?"

"पुणे."

"मग समुद्रावर काय करता?"

बशीर तांडेल हे त्यांचं नाव. तांडेल म्हणजे गलबताचा कप्तान, आणि ही लाँच तेच हाकायचे. शारजाहून साखर आणि कापड भरून सोमालियाला निघाले होते, वाटेत इंजिनने दगा दिला म्हणून इथे आत शिरले होते. सुटा भाग दुबईहून यायचा होता. आपल्या भागातली माणसं भेटल्यावर त्यांनी आम्हाला सोडलं नाही. डेकवर ताडपत्रीच्या सावलीत सुरमईचं कालवण आणि भात झाला. बाणकोटच्या खाडीत मी एक जेट्टी केली होती. ती त्यांच्या घरापासून दिसते हे कळल्यावर मला एवढा अभिमान वाटला की मी उठून गाडीतून नळीच आणली.

"हे बघा काय चाललंय," असं म्हणून मी इंजिनाच्या झाकणावर आराखडा पसरला.

तांडेलांनी आधी हात पुसले. मग कागद फिरवून उत्तर दिशा कुठे आहे ते शोधलं. गावाचं नाव वाचून दाखवल्यावर म्हणाले, "या गावी दोनदा गेलोय. शेजारच्या गावी पाच हिवाळे." मग त्यांनी खिशातली काडेपेटी काढून माझ्या बंदराच्या तोंडाबाहेर ठेवली.

"साहेब, ही माझी लाँच. डिसेंबरात आलो. वारा ईशान्येचा, माझ्या पाठीवर. लाट पण पाठीवर. तुम्ही दार ईशान्येला उघडं ठेवलंय." त्यांनी काडेपेटी आत ढकलली. "मी आत गेलो. माझ्या मागून लाट पण आत आली. आता माझे दोर तुटणार, नायतर तुमचा धक्का तुटणार."

"पण हिवाळ्यात समुद्र शांत असतो," मी म्हटलं.

"आपल्याकडं," तांडेल म्हणाले.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आपल्या किनाऱ्याला समुद्राचा त्रास एकाच दिशेकडून होतो, नैऋत्येच्या पावसाळ्याचा. तो आला की बंदरं बंद. नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू उघडतात आणि मग ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाणी गुण्यागोविंदाने राहतं. या शांत महिन्यांना आमच्या धंद्यात 'फेअर सीझन' म्हणतात. कोकणातल्या प्रत्येक आराखड्यावर खाली एक टीप असते, फेअर सीझन ऑक्टोबर ते मे. ती मी पंधरा वर्षं लिहीत आलो होतो आणि या आराखड्यावरही लिहिली होती. म्हणून मी दक्षिणेकडून बांध काढला, नैऋत्य अडवली, आणि तोंड ईशान्येला मोकळं सोडलं. कोकणात ते बरोबर ठरलं असतं. पण सोमालियाचा तो किनारा पूर्वेकडे पाहतो. हिवाळ्यात ईशान्येचा वारा तिथे समुद्रावरून येतो आणि लाटा घेऊन येतो.

"आणि पावसाळ्यात?" मी विचारलं. मला अजून आशा होती. "पावसाळ्यात तर माझा बांध उपयोगी पडेल."

"पावसाळ्यात तिथं जातो कोण? तो वारा असा की दारू प्यालेला तांडेल पण दोर सोडायचा नाय. आम्ही जातो ते हिवाळ्यातच. गावाच्या उत्तरेला खडकाचं एक टोक हाय, त्याच्या आड उभं राहतो. बांध घालायचा तर तिथून घालायचा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कागदच हाय ना, साहेब. बदलता येईल."

मी मान हलवली. दगडांबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. कालवण चांगलं होतं एवढंच कसंबसं म्हणालो.

परतीची वाट

मसाफीला विनायकने गालिच्यांकडे पाहिलंही नाही. मग विनायक म्हणाला, "हे बघ, पॅनिक होऊ नकोस. रिपोर्टमध्ये एक पॅरा टाक. फेज टू, नॉर्थ आर्म. उत्तरेचा बांध नंतर. सगळे प्रोजेक्ट असेच असतात. शुक्रवारी सही कर, शनिवारी फ्लाइट पकड."

"फेज टू कधी होणार? त्यांच्याकडे फेज वनपुरतंच बळ आहे."

"इन्शाल्ला होईल. तू सांगितलंस की तुझी चूक होती, तर ते तुझ्यावर पुन्हा विश्वास ठेवतील? माझंही नाव आहे त्यात, देव्या. मी त्यांना सांगितलंय की तू बेस्ट आहेस."

त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. तो मला वाचवायला पाहत होता. मला स्वतःलाही वाचायचं होतं, आणि धैदपर्यंतच्या रस्त्यात मी मनातल्या मनात फेज टूचा तो पॅरा लिहूनही काढला. वाक्यं सुरेख जमली होती, त्याचीच मला भीती वाटली.

घरी आल्यावर मी वारा-लाटांच्या तक्त्यांच्या झेरॉक्स जेवणाच्या टेबलावर मांडल्या. डिसेंबर आणि जानेवारीचे आकडे तिथे होते, सगळ्यांना दिसतील असे. त्या दोन रकान्यांवर माझ्याच पेन्सिलीची एक आडवी रेघ होती आणि बाजूला माझ्याच अक्षरात 'शांत' लिहिलेलं होतं. कोणी मला चुकीचं काही दिलं नव्हतं. मी वाचलंच नव्हतं. हिवाळा म्हटल्यावर वाचायची गरजच वाटली नव्हती.

ऋता समोर गृहपाठ करत होती. तिने मान वर केली. "अंकल, डिड यू मेक अ मिस्टेक?"

"ऋता," मेधा म्हणाली, "असं विचारतात का मोठ्यांना?"

"हो, केली," मी म्हटलं. "मोठी."

"देन यू शुड टेल युअर टीचर," ऋता म्हणाली आणि वहीत डोकं घातलं.

गुरुवारी सकाळी पुण्याला साहेबांना फोन लावला. ते शांतपणे ऐकत राहिले आणि मग विनायकच्याच शब्दांत म्हणाले, फेज टू दाखव. मी फोन ठेवला आणि टॅक्सी करून देऱ्याला गेलो. वाटेत दोनदा वाटलं की ड्रायव्हरला वळायला सांगावं.

पुन्हा देरा

होदानबाई दुकानात एकट्याच होत्या. उद्याच्या समारंभासाठी हलव्याचे डबे आणून ठेवले होते. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता आणि चहा आल्यावर माझी हिंमत गेली असती.

"गलती हुई है," मी म्हटलं. "मेरी गलती है."

गल्ल्यावर ब्लँकेटची घडी होती, तिची कड मी किनारा केली. थर्मास ठेवून माझा बांध दाखवला, हिवाळ्याचा वारा हाताने दाखवला, लाट कशी आत येते ते दाखवलं. मग थर्मास उचलून उत्तरेच्या बाजूला ठेवला. बाईंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्या समुद्राकाठच्याच.

"पत्थर?" त्यांनी विचारलं.

"दक्षिणेचे दगड उपयोगाचे नाहीत. काम नहीं आएगा."

"सब?"

"सब."

त्यांनी हलव्याचे डबे गल्ल्याखाली सरकवले. मला त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि म्हणाल्या, "चलो. ये बात मैं नहीं बोलेगी. तुम बोलेगा."

दोन गल्ल्या सोडून पहिल्या मजल्यावर एक फोनची खोली होती. बाकांवर सोमाली माणसं आपापल्या नंबरची वाट पाहत बसली होती. त्या गावात फोन नव्हता. इथून फोन जवळच्या मोठ्या गावाला लागायचा आणि तिथला माणूस रिसीव्हर वायरलेसच्या माइकसमोर धरायचा. एका वेळी एकानेच बोलायचं, संपलं की तसं सांगायचं, मग खरखर, मग दुसऱ्याचा आवाज. होदानबाईंनी भावाला गावातल्या वायरलेसवर बोलावून घेतलं.

मी हिंदीत एकेक वाक्य बोललो, त्या सोमालीत सांगत गेल्या. सगळं सांगून झाल्यावर पलीकडून नुसती खरखर आली. मग उस्मानचा चढलेला आवाज आला आणि बराच वेळ चालू राहिला. होदानबाई ऐकत होत्या, मला काही सांगत नव्हत्या.

"काय म्हणतात?"

"पूछता है," त्या म्हणाल्या, "जामा को क्या बोलेगा."

माझ्या डोळ्यांसमोर ते फडकं गुंडाळलेलं पाऊल आलं. मी म्हटलं, त्याला माझं नाव सांगा. ही चूक गावाची नाही, उस्मानची नाही, पुण्याच्या देवधरची आहे असं सांगा. बाईंनी माझं नाव दोनदा नीट उच्चारून पलीकडे सांगितलं.

पुन्हा खरखर. मग उस्मान बोलले ते हळू, थांबत थांबत. ऐकता ऐकता होदानबाई खाली बसल्या.

"बोलता है, बुड्ढा लोग पहले दिन बोला था. नाव उत्तर में खड़ा होता है, पत्थर उधर डालो. हम लोग ने चुप किया." त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "बोला, इंजिनियर का कागज है, तुमको क्या मालूम. एक तो रोज आके बोलता था. उसको घर भेज दिया."

खोलीतली इतर माणसंही आता ऐकत होती. इतका वेळ मला वाटत होतं की गावाला माहीत नव्हतं आणि मला माहीत असायला हवं होतं. प्रत्यक्षात सगळं माहीत असलेली माणसं तिथेच होती. माझ्या कागदाने त्यांची तोंडं बंद केली होती.

"तो माणूस आत्ता येईल का?" मी विचारलं. "त्याला बोलवा म्हणावं."

त्याला आणायला कोणीतरी गेलं. वीस मिनिटं लाइन तशीच उघडी ठेवली. बाकांवरच्या एकानेही आपला नंबर कधी येणार म्हणून विचारलं नाही. शेवटी एक घोगरा आवाज आला. त्याचं नाव अवाले, सत्तरीच्या पुढचा कोळी. होदानबाई म्हणाल्या, लहानपणी याच्याच होडीतून त्या मासे घरी न्यायच्या. मी नळीतून आराखडा काढला, सही न झालेला, आणि उलटा करून बाकावर पसरला. मागची बाजू कोरी होती. एक माणूस सरकला, दुसऱ्याने कागदाची कड उडू नये म्हणून हाताने दाबून धरली.

"विचारा," मी म्हटलं, "हिवाळ्यात लाट कुठून येते?"

हा प्रश्न मी फॅक्सवरच्या दहा-बारा प्रश्नांत घातला नव्हता. म्हातारा बोलू लागला आणि थांबेचना. उत्तरेचं टोक किती पावलं समुद्रात जातं. ओहोटीला कुठला खडक पांढरा दिसतो. नांगर कुठे धरतो आणि कुठे घसरतो. त्याच्या बापाच्या वेळी एक गलबत कुठे फुटलं आणि का फुटलं. होदानबाई तुटक हिंदीत सांगत होत्या आणि मी रेघा ओढत होतो, खुणा करत होतो, काही शब्द मराठीत लिहीत होतो. एकदा पेन्सिलीचं टोक मोडलं तर बाकावरच्या कोणीतरी आपलं पेन पुढे केलं.

मध्येच अवाले थांबला. त्याने काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो?"

होदानबाईंनी रिसीव्हर छातीशी धरला. "पूछता है, इंजिनियर लिख रहा है, या खाली सुन रहा है?"

मी त्यांच्या हातून रिसीव्हर घेतला. "लिख रहा हूँ," मी म्हटलं. "आगे बोलिए, चाचा."

त्याला हिंदी येत नव्हती. पण पलीकडे खरखर झाली आणि तो पुन्हा बोलू लागला.